खाण तशी माती?

आपल्या भाषेतील काही म्हणींचा अर्थ त्या म्हणणाऱ्याच्या आवाजावरून ठरतो. 'खाण तशी माती' ही त्यांतलीच एक. एखाद्या गवयाचा मुलगा बैठकीत सुरेख गाऊन गेला की आपण ती कौतुकाने म्हणतो. आणि एखाद्या दारुड्याच्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडली की तीच म्हण नाक मुरडून म्हणतो. शब्द दोन्ही वेळा तेच, आणि आपण काही तरी निर्विवाद सत्य बोललो ही समजूतही दोन्ही वेळा तीच. या म्हणीत सत्य किती आणि आपली सोय किती, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळत आहे. आणि तो माझ्या मनात रुजवला तो एका कांद्याने.

दिवाळीच्या अंकात कांद्याचे पुराण लावणे हे धाडसच. कार्तिकी एकादशी अजून उजाडावयाची आहे, आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरांतून कांद्याला अद्याप उंबरठ्याच्या आत प्रवेश नसेल. पुढे मला कांद्याहूनही निषिद्ध अशा एका पदार्थाचे नाव घ्यावयाचे आहे. तेव्हा वडील मंडळींची क्षमा एकदाच, आणि आधीच, मागून ठेवतो.

तो कांदा म्हणजे आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरील, अलिबागचा पांढरा कांदा. मुंबईची मंडळी अलिबागहून परतताना त्याच्या माळा घेऊन जातात, म्हणून तो पुष्कळांना परिचित आहे. भातकापणी उरकली की कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव अशा गावांतून त्याच्या लागवडीची लगबग सुरू होते. थंडीच्या दिवसांत तो वाढतो, थंडी सरता सरता काढला जातो, पातीसकट वाळवला जातो, आणि मग बायका त्या वाळक्या पातीची वेणी घालून त्याच्या माळा करतात. रंगाने शुभ्र, चवीला गोड. भाकरीबरोबर कच्चा खावा, बुक्कीने फोडून. चिरताना डोळ्यांना पाणी येण्याचे कारण नाही. 1883 सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख आहे, आणि 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे, हा गुण या भूमीचा आहे, दुसऱ्या कोणी हे नाव लावू नये, असे कायद्यानेही मान्य केले.

आमचे शेतकरी हे कायद्याच्या पुष्कळ आधीपासून सांगत आले आहेत. हेच बी दुसऱ्या मुलखात नेऊन लावा, कांदा येईल, पण 'हा' कांदा येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यामागचे कारण मी पुढे वाचले तेव्हा मला त्याची मोठी गंमत वाटली. कांद्याचा तिखटपणा हा गंधकाचा प्रताप. मुळे जमिनीतून गंधकाचे क्षार शोषून घेतात, त्यांपासून कांद्याच्या पेशींत काही द्रव्ये बनतात. सुरी फिरली की पेशी फुटतात, ही द्रव्ये तेथल्याच एका विकराला भेटतात, आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ जन्म घेते. आमच्या या जमिनीत गंधक कमी. म्हणून कांदा सौम्य. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हिडेलिया म्हणून एक गाव आहे. तेथील कांद्याचीही नेमकी हीच कथा. गंधक कमी असलेली रेताड जमीन, गोड कांदा, आणि 1986 साली तेथील विधिमंडळाने केलेला कायदा की, राज्याच्या ठराविक भागात पिकलेल्या कांद्यालाच हे नाव लावावे. सात समुद्रांपलीकडल्या दोन भूमी, परंतु कांद्यावर संस्कार एकच.

आणि यात मेख अशी की, या गोड कांद्यात साखर काही इतरांहून फार अधिक असते असे नाही. साखर तिखट कांद्यातही असते. तिखटपणा तिला झाकून टाकतो, इतकेच. म्हणजे ज्याला आपण गोडी म्हणतो, ती मातीने ओटीत घातलेली काही विशेष देणगी नसून मातीपाशी एक वस्तू कमी होती, तिचा हा परिणाम आहे.

हा विचार मला कांद्यापाशीच सोडून देता आला असता. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी द्राक्षांविषयी काही वाचावयास मिळाले. द्राक्षांपासून होणाऱ्या तांबड्या वाइनविषयी म्हटले तर अधिक खरे होईल. मी तिचा भोक्ता नाही. परंतु जमीन आणि हवा यांचा स्वभावावर होणारा परिणाम हा विषय माणसाने जितका या एका पदार्थाच्या निमित्ताने अभ्यासला आहे, तितका दुसऱ्या कशाच्याही निमित्ताने अभ्यासला नसेल. फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तेथे पिनो न्वार या एकाच जातीची काळी द्राक्षे डोंगरउतारावर शेकडो वर्षे लावली जात आहेत. मध्ये फक्त एक गाडीवाट, पण अलीकडच्या तुकड्याच्या वाइनला एक नाव आणि पलीकडच्या तुकड्याच्या वाइनला दुसरे. या तुकड्यांना तिकडे 'क्लिमा' म्हणतात. म्हणजे हवामानाला जो शब्द, तोच शेताच्या तुकड्याला. 2015 साली युनेस्कोने या तुकड्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

द्राक्षाचा रस बहुधा रंगहीन असतो. काळ्या द्राक्षाचा तांबडा रंग सालीत असतो, आणि साली रसात मुरू दिल्या तरच तो वाइनला चढतो. ही साल घडवते ऊन आणि थंडी. थंड मुलखात द्राक्ष सावकाश पिकते. त्यात साखर बेताने भरते, आणि आंबटपणा टिकून राहतो. उष्ण मुलखात ते झपाट्याने गोड होते, पण आपले आम्ल खर्चून बसते; त्याची वाइन गडद, जड आणि अधिक मादक. सिरा नावाचे द्राक्ष फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या उत्तरेकडील काठी थंडाव्यात वाढते, तेव्हा त्याच्या वाइनला चक्क काळ्या मिऱ्यांचा वास येतो. तेच द्राक्ष ऑस्ट्रेलियातील बरोसाच्या उन्हात वाढले की मुरंब्याची आठवण देते. 2008 साली तेथल्या शास्त्रज्ञांनी या वासाच्या मुळाशी असलेले द्रव्य शोधून काढले. ते मिऱ्यांत असते तेच, आणि थंड जागी ते द्राक्षात अधिक साठते.

इतक्या लांब जावयास नको. आपले नाशिक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या त्या प्रदेशात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाइनची द्राक्षे रुजली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात फळतो. आपला उन्हाळा त्याला सोसवणारा नव्हे. म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने त्याचे पंचांगच फिरवले. एप्रिलमध्ये खरड छाटणी करावयाची, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करावयाची, आणि घड पिकवावयाचे ते थंडीत. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा. सालीला रंग चढतो, आणि रसात आंबटपणा शिल्लक राहतो.

जमिनीचे काय? येथे एक रम्य कल्पना आहे की, दगडातले क्षार मुळांवाटे चढतात आणि त्यांची चव पेल्यात उतरते. भूशास्त्राच्या जाणकारांना ती पटलेली नाही. जमिनीचा खरा वाटा पाण्याचा. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत वेलाला थोडी तहान सोसावी लागते. मग तो पाल्याचा पसारा आवरता घेतो, मणी बारीक धरतो; आणि मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक. पोटभर पाणी पिणाऱ्या वेलाचे मणी टपोरे होतात, पण त्यांची वाइन पांचट होते. कांद्याप्रमाणे येथेही जमीन जे देत नाही, त्यातून गुण तयार होतो.

हे सारे वाचून मी शेतकीविषयी चार गोष्टी शिकलो, हे खरेच. पण मनाला जी टोचणी लागली ती माणसांविषयी. सौम्य माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कोणाशी तंटा नाही, आवाज कधी चढत नाही, चार माणसांत नाव चांगले. आपण म्हणतो, काय गुणी माणूस! परंतु त्याच्या आयुष्याच्या जमिनीत गंधक होते कोठे? वडिलोपार्जित घर, वेळच्या वेळी पगार, निरोगी मुलेबाळे. डोळ्यांत पाणी आणणारे काही त्याच्या वाट्याला आलेच नसेल, तर त्याची गोडी ही त्याची की त्याच्या मातीची? उलट, तिखट जिभेची एखादी विधवा, सगळी आळी जिला टाळते, तिने कोणत्या जमिनीतून काय शोषले, याची चौकशी आपण कधी केली? कांट या जर्मन तत्त्वज्ञाने सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वी असा विचार मांडला होता की, ज्याचा स्वभावच मुळात प्रेमळ आहे, त्याने केलेल्या उपकाराला नैतिक मोल चढत नाही. मनात ओढ नसताना केवळ कर्तव्य म्हणून जो मदतीला धावतो, त्याच्या कृतीला ते चढते. हे मत प्रथम फार कठोर वाटते. पांढऱ्या कांद्याची माळ समोर टांगून विचार केला की इतके कठोर वाटत नाही.

आम्हा कादंबरीकारांचाही या बाबतीत थोडा अपराध आहे. कोकणातला माणूस फणसासारखा, बाहेरून काटे आणि आत गरे, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. लिहावयास ते सोपे. माणसाचे मन खणण्यापेक्षा त्याच्या गावाची माती वर्णन करावी, आणि स्वभाव तिच्यातून उगवला असे म्हणून मोकळे व्हावे. पण कादंबरीत ही सोय फार तर कंटाळा आणते. शाळेत ती माणसाचे नुकसान करते. माझा दिवसाचा व्यवसाय शिक्षकाचा आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत ही म्हण मी अनेकदा ऐकली आहे. जूनमध्ये नवा वर्ग समोर येतो. हजेरीपटावर आडनावे असतात, वाड्यांची नावे असतात. हा मच्छीवाल्यांचा, हा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्यांचा, याचा थोरला भाऊ नववीत दोनदा बसला होता. ऑगस्ट उजाडायच्या आत कोणी तरी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता म्हणतो, 'खाण तशी माती.' त्या क्षणापासून त्या मुलाकडे येणारे प्रश्न थांबतात. प्रश्न थांबले म्हणून तो उत्तरे देत नाही, उत्तरे देत नाही म्हणून म्हण खरी ठरते. कांद्याच्या बाबतीत जे केवळ निरीक्षण होते, तो येथे निकाल झाला. आणि निकाल देणारे आम्ही त्या मुलाच्या जमिनीचाच एक भाग होतो, याचा कोणालाही पत्ता नसतो.

मातीचा सिद्धान्त असा अर्धवट वापरणाऱ्यांनी एकदा आंब्याच्या कलमाकडे पाहावे. 2018 साली हापूसला मानांकन मिळाले, त्या पाच जिल्ह्यांत आमचा रायगडही आहे. पण ज्या हापूसच्या नावाने आपण ऐट मिरवतो, तो उभा असतो रायवळाच्या मुळांवर. रायवळाची कोय रुजवायची, आणि तिच्या रोपावर हापूसची काडी बांधायची. जमिनीत हात घालून पाणी ओढणारा रायवळ. पेटीवर नाव हापूसचे. फ्रान्सचीही तीच स्थिती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या एका किडीने तिकडल्या द्राक्षवेलींची मुळे खाऊन टाकली. अखेर उपाय सापडला तो असा की, त्या किडीला पुरून उरणाऱ्या अमेरिकन रानवेलींच्या मुळांवर आपल्या वेलींची कलमे बांधावयाची. बर्गंडीच्या थोर कुळातल्या वेली आजही या परक्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदारही डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधतात. तेव्हा 'आमची माती, आमचे कूळ' असे छातीवर हात ठेवून म्हणण्यापूर्वी, खाली कोणाची मुळे आहेत, ते एकदा उकरून पाहिलेले बरे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे सगळा दोष मातीचा! मग कोणाला बोल लावावयाचा नाही, आणि कोणाची पाठ थोपटावयाची नाही.' हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हेही मला कांद्याच्याच बाजारात समजले. हंगामात रस्त्याकडेला माळांची दुकाने लागतात. त्यांत काही माळा अशा असतात की, त्यांतला कांदा पांढरा खरा, पण बाहेरगावचा. विकणारा मात्र अलिबागच्याच मातीत वाढलेला असतो. मातीने तिला करता येत होते ते केले. त्याच्या शेतातला कांदा ती गोडच देते. पण 'हा कांदा येथला आहे' हे वाक्य मातीत पिकत नाही. ते माणसाला स्वतः बोलावे लागते, आणि ते खरे की खोटे, याची जबाबदारी कोणत्याही जमिनीवर टाकता येत नाही. मानांकनाची चिठ्ठी कांदा कोणत्या भूमीतला ते सांगते. ती चिठ्ठी कोणत्या माळेला बांधावयाची, हे बांधणाऱ्याच्या इमानावर राहते.

बर्गंडीत क्लो द व्हूजो नावाचा एक मळा आहे. मध्ययुगात ख्रिस्ती साधूंनी त्याला दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो साधूंच्या हातून गेला, आणि आज त्या सुमारे पन्नास हेक्टरांचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भिंत एक, नाव एक, द्राक्षाची जात एक. जमीन उतारावर वर-खाली थोडी बदलते, हे खरे. पण शेजारी-शेजारी असलेल्या मालकांच्या वाइनमध्येही एकाची नावाजलेली आणि दुसऱ्याची सुमार, असे घडते, आणि जाणकार मळ्याच्या नावाबरोबर मालकाचे नावही विचारतात. छाटणी कोणी मन लावून केली, घड विरळ करताना कोणाचा हात लोभाने अडखळला, हेही त्या पेल्यात उतरते.

आणि माणसाला तर याहूनही मोठी गोष्ट करता येते. त्याला नाही म्हणता येते. अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. 1933 साली तेथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचे ठरवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप सुमारे सहा वर्षे चालला. जमिनी ओसाड पडल्या, घरांत उपासमार झाली, माणसे लाकूडफाटा विकून जगली. पण नांगर धरला नाही. त्याच खाडीकाठची ती माणसे, पिढ्यान्‌पिढ्या खोतापुढे मान खाली घालून उभी राहिलेली. मातीचा सिद्धान्त एवढाच खरा असता तर त्यांच्यातून आणखी एक नम्र पिढी उगवावयाची. कांद्याला संप करता येत नाही. तो आपल्या जमिनीला नाही म्हणू शकत नाही. माणूस म्हणू शकतो. मात्र तो संप कोणा एकट्याने केलेला नव्हता, हेही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच्या घरी चूल पेटली नाही तर शेजाऱ्याने अर्धी भाकरी दिली असेल, तेव्हाच सहा वर्षे निघाली असतील. नाही म्हणण्याचे बळही कोणत्या तरी मातीतूनच येते. पण ही माती माणसांची असते.

मला या सगळ्या विचारात जे हाती लागले ते एवढेच. आपण प्रत्येक जण कोणाच्या तरी शेतातले पीक आहोत, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी पायाखालची जमीन आहोत. पहिल्या गोष्टीची निवड आपल्याला मिळाली नाही. म्हणून आपल्या गोडीचा गर्व नको, आणि दुसऱ्याच्या तिखटपणाचा निकाल घाईने नको. दुसरी गोष्ट मात्र दररोज आपल्या हातात आहे. घरात वाढणाऱ्या मुलाला, हाताखालच्या माणसाला, सुनेला, शेजाऱ्याला आपण कसली जमीन पुरवीत आहोत? कोठे गंधक ओततो आहोत, आणि कोठे लाडाने इतके पाणी देत आहोत की मणी टपोरे होऊन रस पांचट व्हावा? मुलाला थोडी तहान असू द्यावी, पण त्याचे मूळ सुकू देऊ नये, हे प्रमाण साधणे ही कोणत्याही छाटणीहून अवघड कला आहे. ती मलाही साधली आहे असे मी म्हणत नाही. परंतु हजेरीपट हातात घेताना आता मी आडनावे जरा भरभर वाचतो, आणि प्रश्न विचारावयास शेवटच्या बाकापासून सुरुवात करतो.

जी माती आपण निसर्गाची म्हणतो, तीही निव्वळ निसर्गाची नसते. आमच्या खारेपाटात भरतीचे पाणी अडवणारे बांध पूर्वजांनी घातले आणि पिढी दर पिढी दुरुस्त केले. म्हणून तेथे भात पिकते. एक बांध फुटला आणि वेळीच बुजवला नाही, तर खारे पाणी शेतात घुसते आणि कित्येक वर्षे पीक देऊ देत नाही. आजकाल अलिबागच्या आसपास शेतांचे प्लॉट पडत आहेत, कुंपणे उठत आहेत, आणि कुंपणाच्या आत हिरवळ लावली जात आहे. कांद्याचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. शेत सुरक्षित झाले असे नाही. नाव उरले आणि जमीन गेली, तर मानांकनाचा कागद भिंतीवर लावण्यापुरता राहील. माणसांच्या बाबतीतही मला हीच भीती वाटते. घराण्याचे नाव, गावाचे नाव, शाळेचे नाव आपण जपतो. ज्या ओलाव्यात ती नावे कमावली गेली, तो जपण्याकडे मात्र आपले लक्ष नसते.

दिवाळीचे दिवे निवतात, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि त्याच सुमारास आमच्याकडे कांद्याची रोपे वाफ्यांत उभी राहू लागतात. वाफ्यावर वाकलेला शेतकरी रोपाला त्याचे कूळ विचारीत बसत नाही. तो तण काढतो, ओल पाहतो, आणि बांधाला कोठे घूस लागली आहे का, ते पाहावयास जातो. 'खाण तशी माती' ही म्हण मी मोडीत काढावी असे म्हणणार नाही. फक्त ती दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणण्याऐवजी स्वतःच्या अंगणात उभे राहून, प्रश्नचिन्ह लावून म्हणावी: येथे जे कोणी रुजणार आहे, त्याच्यासाठी मी कशी माती आहे?